मेडिकलवरच्या धाडीतला पंच

रिसोडच्या भाजीबाजारात गुलाबरावांच्या तोंडी लागायला सहसा कुणी जात नसे. गिऱ्हाईकानं जुडी उचलून उलटीपालटी केली की त्यांच्या कपाळाला आठी पडे. एखाद्यानं "काका, कालची तर नाई ना?" असं विचारलं, तर तो माणूस पुढचा आठवडाभर त्यांच्याकडची भाजी खाण्याच्या लायकीचा राहत नसे. भाव पाडायचं तर नावच नको. पण मेथी घ्यावी तर त्यांचीच, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. गावाबाहेर नाल्याच्या काठाला त्यांची एकरभर बागायत. मेथी, पालक, सांबार (पुण्यामुंबईची मंडळी त्याला कोथिंबीर म्हणतात, म्हणोत बापडी) आणि बांधानं वांगी. पहाटे भाजी उपटायची, मुळं धुवायची, जुड्या बांधून ओल्या पोत्यात गुंडाळायच्या आणि सायकलीला लावून बाजार गाठायचा. मग शेवटची जुडी विकेपर्यंत थोड्या थोड्या वेळानं पाण्याचा हबका मारत बसायचं. हबका मारायचं काम तुळसाबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं.

"पालेभाजी म्हंजे तानं लेकरू हाये," गुलाबराव म्हणत, "पाठ फिरवली का मान टाकते."

तुळसाबाईंचा सगळा जन्म वाकण्यात गेला. निंदण, खुरपण, उपटण, जुड्या. साठीच्या आतच कंबर अशी धरली की उठताना आधी जमिनीला हात टेकायचे, मग गुडघ्याला, मग देवाला हाक मारायची. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. गुलाबराव कुरकुरत, पण उठून शेकायला वीट तापवून देत. माणूस तोंडाचा फटकळ असला तरी आतून वाईट नव्हता.

त्यांचं बसायचं ठिकाण दिनेशच्या मेडिकलसमोर होतं. दिनेश चांगला मुलगा होता, आणि खरी पंचाईत तिथंच आहे. वाईट माणसानं काही हातावर ठेवलं तर आपण दोनदा बघतो तरी. दिनेश भाजीवाल्यांना आपल्या नळाचं पाणी भरू द्यायचा, पावसात दुकानाच्या पत्र्याखाली बसू द्यायचा, म्हाताऱ्या बायांना मावशी म्हणायचा. त्यानंच एकदा तुळसाबाईंना कण्हताना पाहिलं आणि आतून एक डबी आणून दिली.

"मावशी, हे घेऊन पाह्य. जडीबुटीचं हाये, याले डॉक्टरची चिठ्ठी बी लागत नाई."

डबीवर तुळशीचं पान काढलेलं होतं आणि लिहिलं होतं, कंबरदुखी-सांधेदुखीवर शुद्ध वनस्पतीजन्य गोळी. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा! आत कसली तुळस नि कसलं काय. पण हे कळायला फार उशीर लागला. त्या रात्री तुळसाबाई गाढ झोपल्या, किती वर्षांनी कुणास ठाऊक. सकाळी गुलाबरावांनीच दिनेशला हाक मारून सांगितलं, "बाबू, तुह्या हाताले यश हाये रे." पुढे डबी संपली की आठवणीनं नवी घेऊन जाणारेही तेच. आपण बायकोसाठी काहीतरी करतोय, याचं त्यांना बरं वाटे.

एका गोळीच्या दोन झाल्या, दुपारीही एक लागू लागली. तुळसाबाई बाजारात बसल्या बसल्या पेंगायच्या, पाण्याचा डबा मांडीवर कलंडायचा, लुगडं भिजायचं आणि शेजारी मिरच्या विकणारी हिरीबाई हसायची. चुलीवर ठेवलेलं दूध करपायचं. लेकीचं नाव आठवायला थांबावं लागायचं. वय झालं, असं सगळे म्हणाले. कुणी नजर उतरवायला सांगितली, तीही उतरवून झाली. डबीकडे मात्र कुणाचंच बोट गेलं नाही, कारण डबी तर बरं करणारी होती.

फाल्गुन सरता सरताची गोष्ट. त्या सकाळी तुळसाबाई उठल्याच नाहीत. गुलाबरावांनी हलवलं तर "आली" म्हणाल्या आणि परत घोरायला लागल्या. शेवटी ते एकटेच माल घेऊन बाजारात आले. मांडामांड होते न होते तोच मेडिकलसमोर सरकारी जीप थांबली. औषध निरीक्षक शुभांगी मॅडम उतरल्या, सोबत दोन माणसं. चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या विकतात, दुसऱ्याच नावाच्या डब्यांत भरून विकतात, अशी तक्रार त्यांच्याकडे गेली होती.

धाडीला दोन पंच लागतात. जे काही जप्त होईल ते त्यांच्या डोळ्यांदेखत मोजायचं, त्यांच्या डोळ्यांदेखत सीलबंद करायचं आणि मग त्यांच्या सह्या घ्यायच्या. आता 'पंच पाहिजे' असं म्हणायचा अवकाश, भरल्या बाजारातली माणसं कुठे पांगतात ते देवालाच माहीत. ज्याला त्याला घरी गॅस चालू ठेवल्याचं आठवतं. पुंजाजी न्हावी एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून उभा होता, तो सापडला. आणि गुलाबराव सापडले, कारण एवढी भाजी पसरून ते पळणार कुठे?

आत काम सुरू झालं. खोकी उतरवली, डब्या मांडल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. दिनेश घाम पुसत उभा होता. गुलाबरावांचा एक डोळा डब्यांवर आणि एक दाराबाहेर. तुळशीच्या पानाची डबी त्यांनी पाहिली, ओळखली, आणि त्यांना वाटलं, सरकारला आता जडीबुटीचंही वावडं झालं की काय. बाहेर ऊन चढत होतं. पोतं वाळून पांढरं पडायला लागलं होतं. तेवढ्यात हिरीबाईनं हाक दिली, "गुलाबरावऽ, मेथी मान टाकून राह्यली हो तुमची!"

गुलाबराव उठले, बसले, पुन्हा उठले. शुभांगी मॅडमनं ते पाहिलं. त्याही शेतकऱ्याच्याच घरातल्या होत्या. वाळत्या भाजीकडे बघणाऱ्या माणसाचा चेहरा त्यांना समजावून सांगायला नको होता.

"काका, या तुम्ही," त्या म्हणाल्या. "मोजणी झालीच आहे. सीलचं आम्ही करून घेतो. इथं सही करा आणि जा."

गुलाबरावांनी सही केली. पुंजाजीनंही केली, त्याचं गिऱ्हाईक साबण वाळवत बसलं होतं. गुलाबराव धावत बाहेर आले, हबका मारला, पोतं भिजवलं, जुड्यांची तोंडं सावलीकडे केली. मेथीनं पुन्हा मान धरली. दुपारपर्यंत सगळी गेली, एक जुडी परत आली नाही, आणि या गोष्टीचा त्यांना पुढे कितीतरी दिवस अभिमान होता.

मेडिकल बंद झालं. दोन-तीन दिवसांत घरातली डबीही संपली. आणि मग तुळसाबाईंचं काय झालं ते गुलाबरावांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. हातपाय थरथरायचे, अंगाला घाम सुटायचा, डोळ्याला डोळा लागत नसे. भांडं पडल्याचा आवाज झाला तरी त्या किंचाळायच्या. ज्या बाईनं उभ्या जन्मात नवऱ्याकडे लुगडं मागितलं नव्हतं, ती पाय धरून म्हणाली, "मले एक डबी आनून द्या हो. कोठूनबी आना. मी मरून राह्यली."

मुलगी सायली आसेगावला दिलेली. ती आली, आणि आईला घेऊन बापलेक वाशीमच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरनं रिकामी डबी हातात फिरवली, काय काय होतं ते विचारलं आणि म्हणाला, "ही कंबरेची गोळी नाही, बाबा. ही झोपेची आहे. सवय लागली आहे यांना. एकदम तोडली म्हणून असं होतंय." मग त्यानं हळूहळू कमी करत न्यायचं औषध दिलं. गर्दी एवढी होती की कागदावर घाईनं 'निद्रानाश, अशक्तपणा' एवढंच लिहिलं. रिकामी डबी सायलीनं तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. असली अवदसा घरात कशाला न्यायची?

गुलाबराव दवाखान्याच्या पायरीवर बसले. त्यांना दिनेशचा राग आला, पण त्याच्याहून जास्त स्वतःचा आला. "मी सोता हातानं नेऊन दिलं वं तिले," ते लेकीला म्हणाले. "यश हाये म्हणलं त्याच्या हाताले."

पुढचे काही महिने मात्र चांगले गेले. तुळसाबाई बाजारात येऊ लागल्या, हबका वेळेवर पडू लागला, हिरीबाईशी भांडण्याइतकी धमक आली. कंबर दुखायचीच, पण ती आपली होती. गुलाबरावांना वाटलं, सुटलो.

मग मेडिकल उघडलं. परवाना काही काळापुरताच रद्द होता, अपील झालं, वरून स्थगिती आली. पाटीवर आता दिनेशच्या भावाचं नाव होतं, गल्ल्यावर दिनेशच. डब्या कपाटात दिसत नव्हत्या एवढाच फरक. एका दुपारी गुलाबरावांनी वळून पाहिलं तर तुळसाबाई डबा मांडीवर घेऊन पेंगत होत्या.

ते तसेच उठून मेडिकलमध्ये शिरले. "तिले देऊ नको रे दिनेश. हात जोडतो तुले."

"काका, मी कायले देऊ?" दिनेशनं उलटे हात जोडले. "मीच तं कोर्टकचेरी भोगून राह्यलो."

बाकीचे मेडिकलवाले चिठ्ठीशिवाय गोळी देत नसत. त्यामुळे ती इथूनच येते हे गुलाबरावांना माहीत होतं, फक्त कुणाच्या हातून ते कळत नव्हतं. त्यांनी घर धुंडाळलं. डबी पिठात सापडली, ती फेकली. मग मिरच्यांच्या गाडग्यात सापडली. मग सापडायची बंद झाली, झोप मात्र चालूच राहिली. बायकोला बांधून ठेवता येत नाही, मारता येत नाही, आणि समजावलं की ती समजल्यासारखं ऐकून घेते. पुन्हा वाशीमच्या दवाखान्याचं नाव काढलं की तुळसाबाई रडून आकांत करायच्या. गुलाबराव त्याच दुकानासमोर बसून मेथी विकत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्यांची सगळी आशा एकाच ठिकाणी उरली. खटला. दिनेशला शिक्षा झाली की परवाना कायमचा जाईल, दुकान जाईल, गोळी बंद होईल, आणि यावेळी सायलीला आधीच बोलावून घेऊन, डॉक्टरच्या हातानं हळूहळू तिला बाहेर काढू. असा त्यांचा हिशोब होता आणि तो चुकीचाही नव्हता. पण शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि चढायची म्हटली तरी ती लवकर पायाखाली येत नाही. तारखांवर तारखा पडल्या. शुभांगी मॅडमची बदली झाली. पुंजाजी न्हावी पोटाच्या दुखण्यानं गेला. पंच उरले एकटे गुलाबराव.

वाशीमच्या कोर्टात त्यांचा पुकारा होण्याआधी सरकारी वकिलानं त्यांना बाजूला घेतलं. "हे बघा काका, तपासणीत गोळी झोपेचीच निघाली आहे. त्यात काही वाद नाही. आता एवढंच सिद्ध व्हायचं आहे की तपासायला गेली ती गोळी याच दुकानातली होती, आणि तुमच्यासमोर सील झाली होती. तेवढं नीट सांगा. सगळं तुमच्यावर आहे."

गुलाबराव खोटं बोलणारे नव्हते. पण पुकारा होईपर्यंत विचार करून त्यांनी ठरवलं की आज बोलायचं. पिंजऱ्यात उभे राहून, शपथ घेऊन, सरकारी वकिलानं विचारलं तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, "हो, माह्यासमोर सील केलं."

मग दिनेशचा वकील उठला. गोड माणूस. "काका, मी रिसोडचाच. आमच्या घरी मेथी येते ती तुमचीच."

गुलाबरावांना नाही म्हटलं तरी बरं वाटलं.

"त्या दिवशी तुम्ही पंच म्हणून दुकानात बसलात, तेव्हा बाहेर मेथी होती का?"

"होती. मेथी होती, सांबार होता."

"ऊन?"

"ऊन तं होतंच."

"हे सील वगैरे संपायला दुपारचे दोन वाजले, असं पंचनाम्यात आहे. तेवढा वेळ उन्हात राहिली तर भाजीचं काय होतं हो?"

"मातेरं होते," गुलाबराव म्हणाले.

"मग तुमच्या भाजीचं मातेरं झालं?"

आता इथं कुणीही दुसऱ्यानं 'झालं' म्हटलं असतं आणि मोकळा झाला असता. पण भर कोर्टात, शपथेवर, आपली मेथी सुकली असं गुलाबराव म्हणणार? आयुष्यात बाजारात जे कुणाला म्हणू दिलं नाही ते? त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "नाई! माही मेथी कधी सुकत नाई. सारी इकली त्या दिवशी."

"वा! मग पाणी कोणी मारलं?"

तेव्हा कुठे गुलाबरावांना कळलं की आपण कुठे येऊन उभे राहिलो आहोत.

"बायको होती का सोबत?"

एक 'हो' पुरलं असतं. पण मग तुळसाबाईंना या पिंजऱ्यात आणतील, आणि त्या काय सांगतील? "नाई," ते म्हणाले. "ती घरी झोपली होती."

"भर दिवसा?"

"साहेब, याच्याच गोळीनं झोपली होती!" गुलाबरावांनी दिनेशकडे हात केला. त्यांचा आवाज एवढा चढला की मागचा शिपाई पुढे आला. "माह्या बायकोचं वाटोळं केलं यानं! तुळशीचं पान दाखून झोपेची गोळी देल्ली! अजूनबी देऊन राह्यला!"

"यांच्या जबाबात हे कुठेही नाही," वकील शांतपणे न्यायाधीशांना म्हणाला. मग गुलाबरावांकडे वळला. "बिल आहे? चिठ्ठी? दवाखान्याचा कागद?"

कागद होता. त्यावर निद्रानाश होता, अशक्तपणा होता. गोळीचं नावही नव्हतं.

"जेवढं विचारतात तेवढंच सांगा, बाबा," न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर त्या रागानं बोलल्या नाहीत.

"मग पाणी मारायला तुम्हीच बाहेर गेलात," वकील म्हणाला. "सील व्हायच्या आधी."

"...हो."

बाहेरच्या व्हरांड्यात शुभांगी मॅडम उभ्या होत्या. साक्षीसाठी त्या लांबून आल्या होत्या. "काका, तुमचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "मीच जा म्हटलं तुम्हाला. असं सोडायचं नसतं, हे मला माहीत होतं."

"तुमी तं माया केली होती, मॅडम," गुलाबराव म्हणाले. एवढं बोलून त्यांना रडू फुटलं, आणि काठीला धरून ते उभ्या उभ्याच रडले. मॅडमनं त्यांना पाण्याची बाटली दिली. त्यापलीकडे दोघांच्याही हातात काही नव्हतं.

निकालाच्या दिवशी ते वाशीमला गेलेच नाहीत. दुपारी मेडिकलसमोर फटाक्यांची माळ लागली तेव्हा कळायचं ते कळलं. संशयाचा फायदा देऊन निर्दोष. दिनेशनं सगळ्या भाजीवाल्यांना पेढे वाटले, गुलाबरावांनाही आणून दिला आणि वाकून पाया पडला. बाजारात कुणीतरी म्हणालं की म्हाताऱ्यानं किती घेतले असतील. एरवी त्या माणसाची खैर नव्हती. त्या दिवशी गुलाबरावांनी उरलेल्या जुड्या पोत्यात भरल्या आणि सायकल हातानं ढकलत घर गाठलं.

तुळसाबाई दारात बसल्या होत्या. बऱ्याच दिवसांनी केस विंचरून, जागत्या डोळ्यांनी.

"काय झालं वो? सुटला का दिनेश?"

"सुटला."

तुळसाबाईंचा चेहरा असा उजळला की गुलाबराव बघतच राहिले. लग्नातल्या पोरीसारखं हसल्या त्या. दोन्ही हात कपाळाला लावून म्हणाल्या, "आयकलं माय आसरानं! म्या नवस बोलला होता, पोरगा सुटू दे म्हणून. तो गेला असता तं मी कोनाच्या तोंडाकडे पाह्यलं असतं? आता शनवारी आपन नारळ फोडू. तुमाले या लागन, नवस जोडीनंच फेडा लागते."

ओरडावंसं वाटलं त्यांना. काय बोलली आहेस तू, कोणासाठी बोलली आहेस, असं विचारावंसं वाटलं. पण एवढी हसरी ती त्यांनी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती, आणि ते हसू त्यांच्यानं मोडवेना.

शनिवारी दोघं नाल्यावर गेले. आसरांच्या, म्हणजे पाण्याकाठच्या देवींच्या, शेंदूर लावलेल्या दगडांपुढे तुळसाबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि नारळ नवऱ्याच्या हातात दिला. नारळ पुरुषानं फोडायचा असतो. गुलाबरावांनी फोडला. तुळसाबाईंनी खोबऱ्याचे तुकडे केले, एक आसरांपुढे ठेवला, एक स्वतः खाल्ला आणि सगळ्यात मोठा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"हा दिनेशले नेऊन देजा बजारात," त्या म्हणाल्या. "ज्याच्यासाठी नवस, त्याच्या तोंडात परसाद गेला पायजे. नाईतं देवी कोपते."

गुलाबरावांनी तो तुकडा दुपट्ट्याच्या टोकाला बांधून घेतला.